हुकूम किंवा वेळ, आणि झाकण

कीबोर्डवरच्या नऊच्या बटणावर मिरचीची लाल पूड बसली होती, आणि त्याच बटणाच्या कोपऱ्यात तो बारीक कंस – दीपमालाचं बोट त्याच्यावर येऊन थांबलेलं, कारण खिडकीबाहेर, कारखान्याच्या अंगणात, रेवजी हेमराजला लाथांनी तुडवत होता.

ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज येत होता. सकाळी रेवजीच्या भावाचा, दोधूचा, उजवा हात मनगटापासून गेला… दळणयंत्रात अडकलेली मिरची काढायला त्यानं झाकण उघडलं होतं, रोज उघडायचा तसंच, आणि पलीकडच्या केबिनमध्ये हेमराजनं यंत्र सुरू करायचं, हुकमाचं बटण दाबलं. झाकण उघडं असलं की यंत्र हलत नाही – हे त्या दोघांना तिनंच छातीठोकपणे सांगितलं होतं. यंत्र चालवणारा प्रोग्राम तिचा होता : हुकमाचं बटण दाबलं की यंत्र सुरू, किंवा ठरलेली वेळ झाली की आपोआप.

जावा या संगणकाच्या भाषेतली ती ओळ तिनं आज वीसदा वाचली. हुकूम किंवा वेळ आणि झाकण बंद. लिहिताना ती ओठांत पुटपुटली होती : हुकूम किंवा वेळ – इथे श्वास घेतला होता – आणि झाकण बंद. म्हणजे अट दोघांनाही. पण जावाला श्वास कळत नाही. ‘आणि’ आधी जोडला जातो, ‘किंवा’ मागून. झाकणाची अट एकट्या वेळेला लागली, हुकूम मोकाट सुटला. दोन कंस घालायचे होते, फक्त दोन… चाचणी घेतली तीही ठरलेल्या वेळेनं यंत्र सुरू करून, हुकमानं नाही. आपली बोटं दारात घालून चेचावीत असं तिला वाटलं.

“मन्हा भाऊना हात गया,” रेवजी म्हणत होता, “तुन्हा बी त्याच मशीनमा घालसू.”

“ताईले इचार,” हेमराजच्या तोंडातून रक्त आलं, मग शब्द. “झाकण उघडं व्हतं ते मशीन चालाले नको व्हतं. ताईनीच सांगेल शे.”

बघ्यांची डोकी खिडकीकडे वळली. उठ, बाहेर जा, सांग – चूक माझी आहे, त्याची नाही. बोट नऊवरच राहिलं. आता कंस घालून टाकले तर कुणाला कळणार आहे… हे माझ्या डोक्यात आलं कुठून? रेवजीनं भिंतीशी टेकवलेली पहार उचलली. हेमराज गुडघ्यांवर उठत होता, पुन्हा तेच सांगायला तोंड उघडत होता.

आधी हा घाव बसू दे, मग सांगते – दीपमाला स्वतःशी म्हणाली, अगदी शांतपणे, आणि आपण हे खरंच म्हणालो, हे तिला ऐकू आलं.