अंगठ्याची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळेचे कडे, लाकडी मूठ आणि मधोमध तळहाताएवढी फुगीर काच, एवढाच माझा ऐवज. माझ्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो आधी दूर करतो. मी वस्तू मोठी करत नाही, फक्त मोठी दाखवतो. मुंगी माझ्याखाली आली तरी मुंगीच राहते. कागदावर जे नाही ते मी दाखवू शकत नाही आणि जे आहे ते लपवूही शकत नाही.

माझी काच अंबाल्याच्या एका कारखान्यात घासली गेली. तिथून भुशाने भरलेल्या खोक्यातून मी नागपूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे विज्ञान शिकवणारे महादेवराव संत्र्याचे पान उजेडाकडे धरत आणि मला मुलांच्या हाती देत. "पानाला बारीक छिद्रं आहेत, सर," असे कोणी घाईने म्हटले की ते शांतपणे म्हणत, "पुन्हा पाहा." दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळे, की ती छिद्रे नसून तेलाचे ठिपके आहेत. आधी पाहा, मग बोला, हा त्यांचा एकमेव नियम होता. दामिनी नावाच्या मुलीच्या हातून मी पडलो आणि माझ्या कडेचा टवका उडाला, तेव्हा ते रागावले नाहीत. नोंदवहीत त्यांनी एवढेच लिहिले: 'काच फुटण्याजोगी असते, हे सिद्ध झाले.'

ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला त्यांच्या स्वाधीन केले. कोराडीच्या त्यांच्या घरात मी वर्तमानपत्रे वाचली, औषधांच्या बाटल्यांवरील तारखा वाचल्या. पुढे घरात मोबाईल आला. दोन बोटे फाकवली की अक्षरे मोठी होऊ लागली आणि मी टेबलाच्या खणात गेलो. सात वर्षे मी संपलेल्या बॅटऱ्या आणि बिनकुलपाच्या किल्ल्या यांच्या सोबतीला होतो. धूळ बसलेल्या वस्तूला दुःख होते याचा पुरावा माझ्याजवळ नाही. काच अंधुक होते, एवढे खात्रीने सांगतो.

गेल्या संक्रांतीच्या आधीची दुपार. खण अर्धवट उघडा होता, म्हणून मला सारे ऐकू आले. शेजारच्या तुळसाबाई आल्या होत्या आणि त्यांच्यामागे कुबडी टेकत त्यांचा मुलगा बळीराम. सत्तरीच्या तुळसाबाईंना वृद्धांसाठीचे सरकारी साहाय्य मिळे, महिन्याला दीड हजार. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि घरचा गॅस त्यातून येई. बळीराम लहानपणापासून एका पायाने अधू. उन्हाळ्यात तो लोकांच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवतो; हिवाळ्यात त्याला काम नसते. त्याला दिव्यांगांसाठीचे साहाय्य मिळे. दिवाळीच्या सुमारास शासनाने ते दीड हजारांवरून अडीच हजार केले. वृद्धांची रक्कम मात्र होती तेवढीच राहिली. आणि नेमके तेव्हापासून तुळसाबाईंच्या पासबुकात पैसे दिसेनासे झाले.

"गुरुजी, मले एक अर्ज लिहून द्या," तुळसाबाई म्हणाल्या. "लिवा, का मले पैसे नाई पायजे. माह्यं नाव काटून टाका."

"काहून?" महादेवरावांनी कारण विचारले.

"गल्लीतली प्रयागबाई सांगे, आता एका घरात एकच. पोराचे वाढले, म्हणून माह्ये बंद झाले. दोन नावं दिसली त पोराचेबी कटतीन. त्याच्यापेक्षा मीच सोडतो."

"माय, तू चूप बस वं," बळीराम म्हणाला. "माह्ये वाढलेले परत घ्या म्हणून लिवा, गुरुजी. तिच्या गोळ्या बंद करून मी काय राजा होऊन राहिलो?"

"तुले कोणं इचारलं? तुह्या बायकोले लेकरू होणार हाय. तिले काय भिंतीचा पोपडा चारशील?"

महादेवरावांनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "असेल तसा नियम. एकीकडे वाढवायचं तर दुसरीकडे कापावं लागतच असेल."

मित्रांनो, हे वाक्य मला टवक्यापेक्षा जास्त लागले. एका घटनेपाठोपाठ दुसरी घडली, म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे मी त्यांच्याच तोंडून हजार वेळा ऐकले होते. तरीही त्यांनी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात. 'मी स्वखुशीने माझे साहाय्य सोडत आहे.' खाली अंगठ्यासाठी चौकोन आखला. हा अंगठा उमटला असता, तर गेलेले साहाय्य परत मिळवायला दाखले, पुरावे, फेऱ्या, सारे पहिल्यापासून करावे लागले असते.

शाईची डबी उघडली गेली. तेवढ्यात महादेवरावांना कागदपत्रे जोडण्याची आठवण झाली. तुळसाबाईंनी पिशवीतून पासबुक आणि पैसे थांबल्यावर सेवा केंद्रातून मिळालेली एक चिठ्ठी काढली. चिठ्ठी चुलीजवळच्या फडताळात ठेवलेली. यंत्रातून निघणाऱ्या पावतीचा असला कागद उष्णतेने काळवंडतो. मोबाईलने फोटो घेतला, तर त्यात करडा डाग तेवढा आला. दोन बोटे फाकवली, डाग मोठा झाला.

तेव्हा खण पूर्ण उघडला गेला. धोतराच्या सोग्याने मला पुसून त्यांनी चिठ्ठीवर धरले. अक्षरे फिकट होती, पण होती. आधारशी कोणते खाते जोडलेले आहे, ते त्यावर लिहिले होते: बँकेचे नाव आणि जोडणीची तारीख. महादेवरावांनी वाचले, पासबुकाकडे पाहिले, आणि स्वतःलाच म्हणाले, "पुन्हा पाहा." पुन्हा पाहिले. पासबुक एका बँकेचे होते, चिठ्ठीवर नाव दुसऱ्याच बँकेचे.

"तुळसाबाई, तुम्ही दुसरं खातं काढलं?"

"नाई जी. म्या कायले काढू?"

"तारीख दिवाळीच्या आधीची आहे."

बळीरामने आईकडे पाहिले. "माय, समाजभवनात बँकेचं शिबिर होतं. तू स्टीलचा डब्बा आणला होता."

"त म्या डब्बाच आणला. खातं कुठी काढलं? त्यायनं दोनदा अंगठा घेतला, डब्बा देल्ला. एक पुस्तक देल्लं, ते डब्ब्यातच हाय, मिरच्यायच्या खाली."

बळीराम घरी जाऊन डबा घेऊन आला. मिरच्यांखाली नवे पासबुक होते, एकदाही न उघडलेले. साहाय्य आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. शिबिरातल्या अंगठ्याने आधार नव्या बँकेशी जोडले गेले, म्हणून पैसे तिकडे गेले. कोणाचे वाढले म्हणून कोणाचे कापले गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मायलेक बँकेत जाऊन आले. तीन महिन्यांचे साहाय्य तिथेच होते. तुळसाबाई दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, तुमी शिकवलेली पोरं पास कशी झाली जी?"

महादेवराव हसले नाहीत. "मी पाहण्याआधी बोललो, बाई. त्यांनी तसं केलं नसावं."

मित्रांनो, मला मऊ सुती कापडाने पुसत जा. धोतराच्या सोग्याने ओरखडे पडतात. खिडकीत उन्हात ठेवू नका, कारण मी पडदा पेटवू शकतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे कोणी कागद सरकवला, तर मला खणात शोधा. मोबाईल असला तरी हरकत नाही, पाहणे महत्त्वाचे.

मी अजून त्याच खणात आहे, पण आता माझ्याखाली तो अर्ज ठेवलेला आहे. महादेवरावांनी त्यावर प्रयोगशाळेसारखी चिठ्ठी डकवली आहे: 'नमुना पहिला. न पाहता लिहिलेला.' खालचा अंगठ्याचा चौकोन नेमका माझ्या काचेखाली येतो. खण उघडला की तो मोठा दिसतो. कितीही मोठा दिसला तरी कोराच आहे.