गेन्शिनबुवांची बादली

माकड फाटकातून आत आलं आणि मोसाकु नितानाईंच्या तबेल्याच्या अंगणात जमलेल्या माणसांनी मुकाट्याने वाट करून दिली. माकडाच्या अंगात लाल जाकीट, डोक्यावर काळी टोपी आणि चेहऱ्यावर सरकारी तपासनिसाचा भाव. त्याची दोरी धरून मागून गेन्शिनबुवा आले. बुवांच्या पाठीला एक जुनी लाकडी बादली बांधलेली होती. ती आजवर एकदाही धुतलेली नाही, हे बुवा मोठ्या अभिमानाने सांगत. धुतली तर म्हणे देवाचा स्पर्श निघून जातो.

"जिन्पेई, बघ बाळा," डोळे मिटून बुवा म्हणाले, "या घरात पीडा कुठे लपलीय?"

जिन्पेई एकेका घोड्यासमोरून डुलत गेला आणि कुरोइवा नावाच्या म्हाताऱ्या काळ्या घोड्यापुढे फतकल मारून बसला. गर्दीने श्वास रोखला. माकड हा घोड्यांचा राखणदार, हे त्या डोंगराळ भागात लहान पोरंही जाणतात. जुन्या तबेल्यांच्या तुळईला अजून माकडाची कवटी टांगलेली असते. इथे तर जिवंत माकड निदान करत होतं.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सावाकोला मात्र माकडापेक्षा बुवांची डावी बाही जास्त भक्तिभावाने बघावीशी वाटत होती. माकड बसायच्या आधी ती बाही जराशी खाली आली होती, आणि बसल्यावर तिच्यातून एक उकडलेलं चेस्टनट माकडाच्या पंजात गेलं होतं. सावाको त्या खोऱ्यातली जनावरांची डॉक्टर. आपल्याला एवढ्या स्वस्तात निदान जमत नाही, याचं तिला क्षणभर वाईट वाटलं.

"आठवड्याभरात पीडा बाहेर पडेल," बुवांनी जाहीर केलं. "घशाखाली गाठ येईल. घाबरायचं नाही. गाठ फुटेल, पू वाहील, पू म्हणजेच पीडा. उद्या सकाळी या घोड्याने माझ्या बादलीतलं पाणी आधी प्यायचं, मग बाकीच्यांनी. एका बादलीचं पाणी प्यायले की सगळे एका रक्ताचे होतात."

ही रीत काही बुवांनी काढलेली नव्हती. तबेल्यात नवा घोडा आला की सगळ्यांना एका बादलीतून पाणी पाजायचं, मग तो घरचा झाला, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. बुवांनी फक्त ती बादली पाठीला बांधली आणि गावोगाव फिरवली.

"बुवांचं बोलणं खरं होतं हो," कुंपणापलीकडून उनोसावा ओरडला. त्याच्या तबेल्यात गाठीचा आजार चालू होता, म्हणून सावाकोने त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं. त्याचा राग त्याच्या नाकावर बसलेला होता. "माझ्या तांबड्याला जिन्पेईनं बरोबर हेरलं. सहाव्या दिवशी गाठ! डॉक्टरीणबाई आल्या त्या नंतर, सुई घेऊन."

"गाठ फुटली ना पण?" बुवांनी विचारलं.

"फुटली की. तांबडा खातोय आता."

गर्दीतून समाधानाचा हुंकार उठला. गाठ फुटली की त्या आजारातून बहुतेक घोडे आपसूक बरे होतात, हे सावाकोने उनोसावाला तीनदा सांगितलं होतं. पण आपसूक बरं होण्यात कुणाला नमस्कार करायची सोय नसते.

लोक पांगले तशी ती मोसाकुंपाशी गेली. म्हातारा आपल्या गाभण घोडीच्या, त्सुबाकीच्या पोटावर हात ठेवून उभा होता. घोडीचे दिवस भरले होते, आज-उद्या विणार असं पोट उतरलेलं. गेल्या वसंतात तिचं शिंगरू मेलेलंच जन्मलं होतं. मोसाकुंच्या वडिलांपासून चालत आलेल्या त्या वाणाची ती शेवटची घोडी होती.

"काका, त्या बादलीला त्सुबाकीचं तोंड लावू देऊ नका."

"का गं?"

"बुवा आधी कामिगोला गेले. आठवड्याने तिथे गाठी. मग उनोसावाकडे. आठवड्याने तिथेही गाठी. आता इथे आलेत."

"मग तेच तर म्हणतोय मी. त्याला आधी कळतं," मोसाकु म्हणाले. "आजार यायच्या आधी सांगतो म्हणून तर त्याला मानायचं."

"काका, आजार तोच घेऊन येतो."

मोसाकुंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "गेल्या वर्षी सगळं तुझ्याच सांगण्याप्रमाणे केलं, सावा. टोचून घेतलं, चारा बदलला. शिंगरू मेलेलंच आलं. या वर्षी मी देवाचंही ऐकणार आहे. दोघांचं ऐकलं तर बिघडलं कुठे?"

ते शिंगरू कशाने गेलं ते तिलाही कळलं नव्हतं, आणि न कळणं म्हणजे काय असतं हे तिला त्या वेळी फार टोचलं. बुवांना सगळंच कळत असे. त्यांचा धंदा त्यावरच चालत होता.

ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने मोसाकुंच्या बायकोकडे, किनुकाकूंकडे गेली. बुवांची बादली तिथेच ठेवली होती. बुवा पुढच्या खोलीत मोसाकुंबरोबर तांदळाची साके घेत होते.

"काकू, ही बादली उकळत्या पाण्याने दोनदा घासून द्याल? आतून-बाहेरून."

"धुवायची नाही म्हणून बजावलंय त्यांनी."

"म्हणूनच विचारतेय."

किनुकाकूंनी बादलीत डोकावून नाक आक्रसलं. "देवाची असेल बाई, पण वास मारतेय. माझ्या घरात ठेवली तेव्हाच कळलं होतं मला, ही आज घासल्याशिवाय मला झोप यायची नाही." आणि त्यांनी किटली चढवली. निघताना सावाकोने त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मागून घेतली. भाताच्या लाडवांना गुलाबी करायचा रंग.

सकाळी अंगण पुन्हा भरलं. बुवांनी घंटा वाजवली, मंत्र म्हटले, मधूनच सर्दी झाल्यासारखं नाक ओढलं. ते पीडा खेचून घेत होते. मग बादली भरली. लाकूड इतकं काळं होतं, की आतलं पाणी शाईसारखं दिसत होतं.

"थांबा हं," सावाको पुढे आली. "पाणी पाजायच्या आधी कुरोइवाचे दात बघते. म्हातारा आहे, गार पाण्याने त्रास नको."

"बघा, बघा," बुवा उदारपणे म्हणाले. "शास्त्रालाही जागा आहे."

तिने सगळ्यांदेखत कुरोइवाचे ओठ उचलले, दातांवरून बोटं फिरवली, मान डोलावली आणि मागे सरून हात खिशात घातले. कुरोइवाने बादलीत तोंड घालून आवाज करत पाणी ओढलं. मग तपकिरी घोडा प्यायला. मग सणाच्या मिरवणुकीत सजवून नेतात तो पांढरा. पांढऱ्याने तोंड वर केलं, आणि बायकांमधून एक लांब "अगं बाई" निघालं.

पांढऱ्याचं तोंड नाकपुड्यांपर्यंत गुलाबी झालं होतं.

बुवाही दचकले. पण गडी मुरलेला होता. एक श्वास घेऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? पीडेचं रक्त! आजवर कुठल्या तबेल्यात दिसलं नव्हतं. काळ्याच्या अंगातली पीडा पाण्यात उतरली. नितानाई, तुमचं पुण्य मोठं. आणा आता गाभण घोडी."

लोक हात जोडायला लागले. उनोसावा कुंपणावरूनच वाकला. मोसाकुंचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी त्सुबाकीला दोरीला धरून पुढे आणलं. घोडी रात्रीची तहानलेली होती. तिने मान खाली घातली.

सावाकोने पायाने बादली सरकवली आणि घोडी आणि पाणी यांच्यामध्ये उभी राहिली.

"बुवा, काळ्याच्या तोंडातलं बादलीत उतरलं म्हणालात?"

"उतरलंच."

"आणि बादलीतून पांढऱ्याच्या तोंडाला लागलं?"

"दिसतंय ना सगळ्यांना."

"मग आपलं दोघांचं एकमत आहे," सावाको म्हणाली आणि तिने खिशातून हात बाहेर काढले. बोटं गुलाबी होती. "हा किनुकाकूंचा लाडवांचा रंग आहे. दात बघताना मी तो कुरोइवाच्या ओठांना चोळला. एका घोड्याच्या तोंडाला होता, आता तिघांच्या आहे. त्सुबाकी प्यायली असती तर चौघांच्या. रंगाचं काही नाही, रंग माणसं खातात. पण याच जागी उनोसावाकाकांच्या तांबड्याचा पू असता तर?"

किनुकाकूंनी ओला पांढरा फडका आणून एकेका घोड्याचं तोंड पुसलं आणि तो सगळ्यांसमोर धरला. मग काय वाटलं कोण जाणे, बादलीचा काठही पुसला. तोही गुलाबी निघाला.

"तांबड्याच्या घशाला गाठ नव्हती हो, बुवा आले तेव्हा," उनोसावा कुंपणापलीकडून हळूच म्हणाला. "धडधाकट होता." तो थोडा वेळ बोटांनी हवेत काहीतरी जुळवत राहिला. "त्याला तीनदा पाजलं होतं पाणी. माकडानं निवडला म्हणून जास्त. आणि बादली आदल्या दिवसापर्यंत कामिगोतच होती. तिथल्या आजारी घोड्याचं तोंड याच बादलीत... बुवा, माझ्या घरी तुम्ही हे आणलंत?"

"मी स्वतः त्याच बादलीतलं पाणी पितो," बुवांचा आवाज चढला. "मला कुठे गाठ आहे?"

"घोड्यांचा आजार आहे, बुवा," सावाको म्हणाली. "माणसांना सहसा होत नाही. तुम्ही जिन्पेईसारखं चेस्टनट खात जा, तेवढं पुरे. तुमच्या डाव्या बाहीत असतीलच."

कुणीतरी खुदकन हसलं. आपलं नाव ऐकून जिन्पेई उठला, बुवांच्या बाहीत हात घालून दोन चेस्टनट काढले आणि सोलायला बसला. त्याला लपवाछपवीचं वावडं होतं.

मोसाकु मात्र हसले नाहीत. दोरी हातात घट्ट धरून ते बादलीकडे बघत होते. "म्हणजे आत्ता हे तिघे..."

"काल मी उकळत्या पाण्यानं दोनदा घासलीय," किनुकाकू म्हणाल्या. "देवाचा स्पर्श काय तो गेला, दुसरं काही गेलं असेल तर तेही गेलं."

साठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मोसाकुंनी बायकोला सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. मग बुवांची बादली उचलून त्यांनी नाल्यात उपडी केली, त्यांच्या हातात दिली आणि फाटक उघडून धरलं. बुवा गेले. शापबिप काही दिला नाही; दोन डोंगरांपलीकडे अजून तबेले होते.

"सावा," म्हातारा मग म्हणाला, "गेल्या वर्षीचं शिंगरू कशानं गेलं?"

"मला माहीत नाही, काका. माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. पण मला एवढं माहीत आहे: जे कळत नाही ते शोधायचं असतं, आणि जे कळलंय ते पाळायचं. ज्याची बादली त्याला. नवा घोडा तीन आठवडे वेगळा. आजारी तबेल्यातून आलेल्याने हात-पाय धुवून आत यायचं, मग तो शेजारी असो, डॉक्टर असो की देव. कुणी काही आधीच सांगतो म्हणून मोठा होत नाही. त्याला ते कसं कळलं, एवढंच विचारायचं."

त्याच आठवड्यात पहाटे किनुकाकूंचा फोन आला. सावाको उनोसावाकडच्या घोड्यांना बघून परतत होती, ती तशीच तिकडे वळली. फाटकात मोसाकु उभे होते. शेजारी ब्रश आणि औषधी पाण्याचं घमेलं.

"बूट," ते म्हणाले.

"काका, घोडी विते आहे."

"व्यायली. पिल्लू उभं राहिलंय, पितंय. बूट धू. हात पण. कोट तिथेच काढून ठेव."

सावाको थंडीत वाकून बूट घासू लागली. म्हातारा बाजूला उभा राहून घोट्यामागची माती राहिलीय का ते बघत होता. तबेल्यात चार नव्या बादल्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर घोड्याचं नाव, आणि पाचवी लहान, अजून बिननावाची. तुळईवरची माकडाची जुनी कवटी मात्र जागच्या जागी होती. सावाकोने ती काढायला सांगितलं नाही. ती कुणाच्या बादलीत तोंड घालत नव्हती.