एकपात्रीतलं दुसरं पात्र

मी स्टूल बोलतोय. आवाज चढला तर चढू द्या. आजवर गप्प राहण्याचीच भूमिका केली आहे मी.

रोशनीच्या प्रयोगाला लोक एकपात्री म्हणतात. कसलं एकपात्री? दुसरं पात्र मी आहे. जाहिरातीत माझं नाव नसतं, त्याचं मला काही नाही. पण जागेवरून उठवलेलं मी खपवून घेणार नाही.

जन्म माझा कोराडीच्या कॉलनीतला. रोशनीचे पप्पा लहानूजी तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात कामाला होते. खोक्याच्या जुन्या फळ्या ठोकून त्यांनीच मला बनवलं. ड्यूटीवरून आले की दाराशी माझ्यावर बसायचे, बुटांतली राख झटकायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. तेवढ्या वेळात रोशनी त्यांना अख्ख्या कॉलनीच्या नकला करून दाखवायची. तिचा पहिला प्रेक्षक माझ्यावर बसून हसला आहे.

ते गेल्यावर तिने त्यांच्यावर प्रयोग लिहिला. कॉलनीच्या गॅदरिंगमधली पोरगी नागपूरच्या सीताबर्डीपासून गोंदिया-चंद्रपूरपर्यंत गाजली. प्रयोगभर ती माझ्याशी बोलते. रंगमंचाच्या मधोमध मी रिकामा असतो आणि मीच पप्पा असतो. तिची आई प्रेमिलाबाई मात्र कधी आली नाही. "तो रिकामा स्टूल मले पाहवत नाही," म्हणायची.

यंदा एप्रिलमध्ये मनीषनगरच्या एका मंडळाने प्रयोग ठेवला. रोशनीने महिनाभर आईची मनधरणी केली आणि तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं.

अध्यक्ष गणपतरावांनी आधी सत्कार काढले. उन्हाळ्यात शाली! पाहुणे घामाघूम होऊन खाली पहिल्या रांगेत आले, त्यांच्यासाठी कूलर आला. त्याला उंची हवी होती. मला रंगमंचावरून उचललं आणि पाण्याने भरलेलं ते धूड माझ्या डोक्यावर ठेवलं.

रोशनी धावत आली. "काका, तो प्रयोगातला हाये. पप्पा हायेत ते."

"स्टूल कुठं पप्पा असते का वं?" गणपतराव हसले. "तू कलाकार हायेस, त्याच्याबिना कर. पाहुण्यायले गरम होऊन राहिलं."

पाहुणेही हसले. कूलरचं पाणी माझ्या अंगावरून गळत होतं आणि मला दात असते तर मी चावलो असतो.

तेवढ्यात प्रेमिलाबाई उठली. कूलरचं बटण बंद केलं.

"उतरवा हे," ती म्हणाली. "माये मालक यावर बसत. त्यायच्या जागेवर पाणी काहून गळून राहिलं?"

कोणी हसलं नाही. कूलर उतरला. तिने मला पदराने पुसलं, स्वतः उचलून रंगमंचावर नेलं आणि ठेवलं. पण चुकीच्या जागी! प्रयोग तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने मला मागच्या कडेला, विंगेच्या दाराशी ठेवलं. घरी ठेवायची तसं.

रोशनीने मला हलवलं नाही. उजेड मधोमध मोकळ्या फळ्यांवर पडत होता आणि ती अंधारातल्या दाराकडे तोंड करून बोलत राहिली. पाहुण्यांना शेवटपर्यंत तिची पाठ दिसली. बरं झालं.

पाण्याने माझा एक पाय फुगलाय, मी डुगडुगतो. तरी काम सोडलेलं नाही. आयोजकांनो, मला हात नाहीत, असते तरी जोडले नसते. कूलरसाठी स्वतःच्या घरून काही आणा. आता प्रत्येक प्रयोगात मी दाराशीच असतो, आणि तिथे आमचा माणूस बसलेला असतो.