हिरव्या शाईची शिफारस

बदलीच्या अर्जातलं बाकी सगळं सरळ असतं. वर विषय, मग 'महोदय', मग 'वरील विषयास अनुसरून', शेवटी 'आपला विश्वासू'. घोडं पेंड खातं ते कारणापाशी. धाकट्याने सकाळपासून तीन कागद फाडले होते आणि चौथ्यावर लिहिलं होतं, 'पाठदुखीमुळे पॅकिंग विभागात बदली मिळावी, ही विनंती.'

अर्ज घेणाऱ्या कारकुनाने ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पाठ दुखते म्हणून तीस-तीस किलोची खोकी उचलायला निघालात?"

धाकट्याने अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

"कारण बदला. आणि खाली विभागप्रमुखांची शिफारस आणा, हिरव्या शाईत. मागे एकाने निळ्यात आणली होती, त्याला तसाच जिना उतरवला."

विभागप्रमुख म्हणजे ताई. आणि ताईंपासूनच तर त्याला पळायचं होतं.

धाकटा म्हणजे काही पोर नव्हे. बेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, टक्कल पडायला सुरुवात झालेली. पण कापडगिरणीच्या रंगतपासणी विभागात माणसं दोनच, ताई आणि तो, त्यामुळे अकरा वर्षं झाली तरी तो आपला धाकटाच. काम ऐकायला सोपं होतं. रंगारी रंगवलेल्या कापडाचा तुकडा आणणार. तो दिव्यांच्या पेटीत मूळ नमुन्याशेजारी ठेवायचा, दोघांनी बघायचा, मग एकमेकांकडे पाठ करून चिठ्ठीवर लिहायचं, 'जुळला' किंवा 'नाही जुळला'. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. हा नियम ताईंचाच. "डोळ्याला कान फुटले की तो कामातून गेला," असं त्या म्हणायच्या. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जुळला' असेल तर सगळा माल त्या रंगात जायचा. चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या तर काम थांबणार आणि वरून साहेब खाली येणार.

दोन महिन्यांपूर्वी एक निळा तुकडा आला. चांगला हिरवट मारत होता, शिकाऊ माणसालाही दिसला असता. धाकट्याने पाठ केली आणि मागून ताईंच्या पेनाचा आवाज आला. एकच शब्द, छोटा. 'नाही जुळला' लिहायला जास्त वेळ लागतो, आणि अकरा वर्षांत असले आवाज न ऐकताही ऐकू येतात. याच बाईंनी त्याला हाताला धरून रंग शिकवले होते. चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या तर साहेब त्यांचे डोळे तपासायला लावणार आणि निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांना घरी बसवणार. त्याने लिहिलं, 'जुळला'. एकदाच, असं स्वतःला बजावून. मग व्हायचं तेच झालं. निळा तुकडा आला की तो आधी ताईंच्या पेनाकडे कान लावायचा. ताईंनी त्या दोन महिन्यांत पेटीतल्या दिव्यांच्या नळ्या दोनदा बदलून घेतल्या. "मेला उजेडच हल्ली खरा नाही," त्या म्हणायच्या, आणि हा मान डोलवायचा.

आणि आता रुग्णालयाच्या पडद्यांचा अख्खा माल परत आला होता. मागितले होते निळे, गेले हिरवट. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जुळला', म्हणजे तुकडा बरोबर होता. म्हणजे रंगाऱ्यानेच तुकडा एका मापाने रंगवला आणि माल दुसऱ्याच मापाने, असा साहेबांनी हिशोब लावला. चार वाजता वर त्याची चौकशी होती आणि त्याला काढणार, हे गिरणीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. धाकट्याला कोणी काही विचारायच्या आत या खोलीतून सुटायचं होतं. भित्रेपणाच तो, दुसरं काय म्हणणार?

साडेतीनला त्याने पाचवा कागद ताईंपुढे सरकवला. कारण, 'वैयक्तिक'.

ताईंनी तो दोनदा वाचला.

"माझं काही चुकलं का रे?"

"नाही हो, ताई."

"घरी बरं आहे ना? मुली?"

"सगळं ठीक आहे."

"मग खरं कारण लिही. खोट्याखाली मी सही करत नाही, तुला माहीत आहे."

तेवढ्यात रंगारी आत आला. हात कोपरापर्यंत निळे, हातात ओला तुकडा.

"चौकशी चारला आहे, पण तोवर काम कोण करणार?" त्याने हसून बघितलं, पण ते काही जमलं नाही. "एकवीस वर्षांत माप चुकलं नाही हो माझं. घरी अजून सांगितलेलं नाही."

धाकट्याने त्याच्याकडे बघायचं टाळलं. ताईंनी तुकडा पुसून, इस्त्री फिरवून पेटीत ठेवला आणि दिवे लावले. तुकडा हिरवट होता. थोडासाच, पण होता. दोघांनी पाठ केली. मागून पेन वाजलं. छोटा शब्द.

धाकट्याचा हात चिठ्ठीवर तसाच राहिला. रंगारी दारात उभा राहून आपली नखं खरवडत होता, इतक्या वर्षांत न निघालेला रंग आजच निघायला हवा होता जणू. धाकट्याने लिहायला घेतलं. 'नाही जुळला. हिरवट आहे.' खोलीत त्याच्या पेनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. ते थांबेचना तशी ताईंची खुर्ची करकरली.

चिठ्ठ्या उघडल्या. ताई दोन्हींकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"पडदे?"

त्याने मान खाली घातली. रंगाऱ्याने दाराची चौकट घट्ट धरली.

"तुझं पेन नेहमी माझ्यानंतर चालायचं," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं, पोरगा किती मन लावून बघतो." त्यांचा आवाज कापत होता. "मी चुकले तर तू असावास, म्हणून दोन चिठ्ठ्या असतात रे. तू मला एकटीला टाकलंस."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला घरी बसवतील, ताई."

"आणि याला बसवलं असतं ते चाललं असतं?"

ताईंनी दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या अर्जाला टाचल्या.

"कारण खोड. काय केलंस ते लिही, तारखेपासून." मग रंगाऱ्याला म्हणाल्या, "थांबा जरा, आपण तिघं वर जाऊ. अर्जाखाली मी लिहिते, अर्जदाराला बदली देऊ नये. डोळे चांगले आहेत, विभागाला लागतील. बदली माझी करावी."

चारला दहा कमी होते. ताईंनी खण उघडून दोन पेनं काढली, दोन्ही एकाच बनावटीची. एका कोऱ्या चिठ्ठीवर दोन्हींनी एकेक रेघ ओढली. कागद पेटीतल्या उजेडात धरला, जरा लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग दोन्ही पेनं धाकट्यापुढे धरली.

"यातलं हिरवं कुठलं?"

त्याने उजव्या पेनाला बोट लावलं.

"नक्की ना?"

"नक्की, ताई."

ताई लिहायला बसल्या.