काचेतला जांभळा झेंडा

जेवणारा जेवत असताना ताट ओढावं, तशी या जावयाची खोड. मॅच अजून चालू, आणि हा गडी स्टूल घेऊन दुकानाच्या काचेतला झेंडा उतरवायला निघाला!

शिलाईचं हे दुकान सासूबाईंनी परक्या देशात दोन हातांच्या बळावर उभं केलेलं. काचेत टांगलेला जांभळा झेंडा माहेरच्या फुटबॉल क्लबचा, त्यांनी स्वतः शिवलेला. जावयाला त्याची लाज. "आई, इथं त्या क्लबला कुत्रं ओळखत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, हा पडदा केवढ्याला?" शेवटी ठरलं होतं, आज क्लबने कप जिंकला तर झेंडा राहील, नाहीतर पेटीत जाईल.

गुणांच्या हिशेबानं बरोबरी झाली तरी कप दुसऱ्यांचा. आणि मेली बरोबरीच सुटत नव्हती. कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप मांडलेला. चित्र इतक्या लांबून यायचं की तिकडे घडलेलं इकडे चांगलं दोन मिनिटं उशिरा दिसायचं. म्हणूनच तिकडे मैदानात बसणाऱ्या धाकट्या भावाला सासूबाईंची तंबी होती, मॅच संपेपर्यंत फोनला हात लावलास तर याद राख.

आणि फोन वाजला. शिट्ट्या, आरडाओरडा, त्यात भावाचं हमसून रडणं, "अक्का! अगं अक्का!"

क्लब हरला की हा भाऊ शिव्या द्यायचा. रडायचा तो फक्त जिंकल्यावर.

स्क्रीनवर बॉल अजून आपल्याच गोलकीपरच्या हातात होता. सासूबाईंनी गुपचूप फोन ठेवला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"कोण होतं?" स्टुलावरून जावई.

"राँग नंबर. जावईबापू, एवढी घाई आहे तर पैज लावा. आपण जिंकलो तर याच्या दुप्पट मोठा झेंडा शिवायचा. तुम्ही. हातशिलाईनं."

"दुप्पट कशाला? तिप्पट शिवतो!"

मशीनवर बसलेल्या लेकीने कपाळावर हात मारला. आईचा हा थंड आवाज तिच्या ओळखीचा होता.

गोलकीपरने बॉल उंच उडवला. डावीकडचं लुकडं पोरगं वाऱ्यासारखं सुटलं, दोघांना झुकांडी दिली, आणि बॉल जाळ्यात! मागोमाग शेवटची शिट्टी. लेक किंचाळली, मशीन सोडून आईच्या गळ्यात पडली. सासूबाईंनी कात्रीची मूठ टेबलावर अशी आपटली की खडू उडाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदराला पुसलं आणि सुईदोरा जावयापुढे धरला.

"जावईबापू, क्लब कोणालाही निवडता येतो. शेवटपर्यंत बसायला बूड लागतं, ते तुम्हाला नाही. तिप्पट झेंड्याचं कापड आहे, बसा. येईल हळूहळू."