वाटी तेवढी स्वतःची

काठीच्या टोकाचं रबर एकाच बाजूनं झिजलं होतं, आणि यशवंतराव गाडीत बसल्या बसल्या ते अंगठ्यानं चाचपत होते. चाचपावं असं त्यात काही नव्हतं, पण हात राहून राहून तिकडंच जात होता. म्हणजे आपण काठी सरळ टेकत नाही. म्हणजे भार तिरका पडतो. आणि बाहेर तिरका पडत असेल तर आतही तिरकाच पडत असणार... आत, जिथं अंगठा पोचत नाही, तिथं काय झिजलं असेल?

गाडी लेक चालवत होती. मृणाल सौसरच्या शाळेत शिकवते. आज रविवार, म्हणून बापाला लोधीखेड्याजवळचा बगीचा दाखवायला निघाली होती. बगीचा दाखवायला! उभा जन्म संत्र्याचे बगीचे विकत घेण्यात गेला. फळ झाडावर असतानाच नुसत्या नजरेनं माल जोखायचा, शब्द द्यायचा, आणि मग तोडणी आपली. आता लेक दाखवायला नेते म्हणे. बरं, नेते तर नेते. क्लच दाबणारा पाय आता आपला राहिला कुठं...

दोन वर्षांपूर्वी ओल्या न्हाणीत पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी अर्धा सांधा बदलला. अर्धाच. "गोळा नवा बसवलाय काका, धातूचा," एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून ते म्हणाले होते, "वाटी मात्र तुमचीच आहे. जपा तिला." जपा म्हणजे काय, तर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, बुटक्या पाटावर टेकायचं नाही. आणि कधी जांघेत दुखू लागलं, बसून उठल्यावर पहिल्याच पावलाला, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. वाटी झिजत असेल, संधिवात धरत असेल. मग सांधा पुरताच बदलावा लागेल.

पहिल्याच पावलाला. दिवाळीपासून रोज पहाटे, पलंगावरून उतरताना, पहिल्याच पावलाला. यशवंतरावांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. शकुंतलेला तर नाहीच. नवऱ्याच्या पायासाठी जामसावळीच्या मारुतीला बोललेला नवस तिनं केव्हाच फेडून टाकला होता, म्हणजे तिच्या लेखी तो विषय मिटलेला होता. फेडलेल्या नवसाचं पुन्हा दुखतं, हे कसं सांगायचं?

संधिवात हा शब्द काही त्यांना डॉक्टरांनी शिकवला नव्हता. तो त्यांच्या घरातच राहायला होता. आई, देवकाबाई, शेवटची वर्षं उभी राहिलीच नाही. दोन्ही तळहात जमिनीला टेकायची आणि बसल्या बसल्या पुढं सरकायची... सर्र... थांबायची... पुन्हा सर्र. लुगडं मागून विरून जायचं आणि शकुंतला त्याला आतून ठिगळ लावायची. आई स्वतः हसायची त्यावर. "मी पान्यावानी झाली रे यशवंता, उतार दिसला का चालली." सगळे हसायचे. यशवंतरावांना तेव्हाही हसू यायचं नाही. माणसाला मरणाची भीती असते म्हणतात, असेल बुवा. त्यांना भीती होती ती त्या आवाजाची. पहाटे दुखलं की ते पलंगाच्या काठावर तसेच बसून राहात, आणि रिकाम्या ओसरीवर तो आवाज आपल्याकडे येतो आहे असं त्यांना वाटे.

"उतरा बाबा, हळू," मृणाल म्हणाली. बगीचा आला होता.

बगीचेवाले रघुनाथराव हात जोडूनच पुढं आले. पहिल्या झाडाशी त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती, तीवर टॉवेलसुद्धा अंथरला होता. "या यशवंतभाऊ. कायले तकलीफ करता, बसा आरामात. बसल्या जागेवरून पाहा ना."

माणूस चांगला. म्हणूनच त्याचा राग येईना आणि म्हणूनच ती खुर्ची जास्त टोचली.

संत्र्याचं झाड बसल्या खुर्चीवरून दिसत नाही. बाहेरची फळं काय, रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माणसालाही दिसतात. खरा माल झाडाच्या पोटात. त्यासाठी फांद्या वर सारून बुंध्याजवळच्या आळ्यात शिरायचं, उकिडवं बसायचं आणि मान वर करायची. सगळा धंदा त्या बसण्यात. यशवंतराव झाडाखाली बसले की शेतकरी बिडी विझवायचे. गेल्या आंबिया बहारात मोहगावचा बगीचा त्यांनी उभ्यानंच पाहिला, काठी टेकत, चारी बाजूंनी फिरून, आणि तोडणीला झाडं आतून पोकळ निघाली. फळगळ झाली, असं त्यांनी लोकांना सांगितलं. लोकांनी मान डोलावली. फळगळ कुणाची होत नाही? पण ती नजरेची गळ होती, हे एकट्या यशवंतरावांना ठाऊक होतं, आणि तेव्हापासून ते बोली करताना स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकू लागले होते.

ते खुर्चीवर बसले. समोर पानं, नुसती पानं, आणि त्यांत कुठं कुठं अजून हिरवी असलेली मृग बहाराची फळं. किती? भरपूर... की थोडी? आज पुन्हा चुकलो तर संपलंच. मग घरी बसायचं, पलंगाच्या काठावर, दिवसभर.

रघुनाथराव चहा सांगायला घराकडं गेले. मृणाल धुऱ्यावर, बगीच्याच्या कडेला, कुणाशी तरी फोनवर बोलत होती. यशवंतरावांनी खुर्चीचा हात धरला. उकिडवं बसू नका, मांडी घालू नका, सगळं मान्य. निजू नका असं तर डॉक्टर म्हणाले नव्हते. आधी चांगल्या पायाचा गुडघा टेकला. मग तळहात, दोन्ही. मातीला तळहात लागताच अंगावर सर्रकन काटा आला... नको, परत फिरावं... पण आता फिरणंही तितकंच अवघड. कुशीवर झाले, आणि मग काठी बाजूला टाकून पाठीवर, डोकं बुंध्याकडं सरकवत, झाडाखाली गेले. जामसावळीचा मारुतीही निजलेलाच आहे. त्याला कुणी खुर्ची देत नाही.

आणि वर पाहिलं.

लगडलं होतं झाड. पोटात, फांद्यांच्या बेचक्यांत, जिथं ऊन पोचत नाही तिथं, जड, गोल, एकमेकांना चिकटून. नजर आपोआप धावू लागली, या फांदीवरून त्या फांदीवर, जुनी, न विचारता धावणारी नजर. गेली नव्हती. नजर कुठं गेलीच नव्हती! डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांकडं ओघळलं.

"बाबा! पडले का तुम्ही?" मृणाल धावत आली होती.

"नाही. पाहून राहिलो."

"असे?" ती वाकून आत शिरली आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. त्यांच्या कानाशी ओघळलेलं पाणी तिनं पाहिलं. "दुखून राहिलं का बाबा? खरं सांगा."

नाही, हा शब्द तोंडात तयारच होता.

"हो," ते म्हणाले. "जांघेत. दिवाळीपासून."

सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. वाटलं नाही. इतके दिवस ते दुखणं पहाटेपुरतं होतं. आता ते भर दुपारी, दुसऱ्याच्या बगीच्यात खरं झालं. मृणालनं मान वर केली. ती वर फळांकडं पाहत होती, पण फळं पाहत नव्हती. तिला काय दिसत असेल? नागपूर, पुन्हा तो फोटो... की आजी? आजी तिनं पाहिली होती. लहानपणी ही आजीच्या मागोमाग तळहात टेकत सरकायची, खेळ म्हणून, आणि आपण ओरडायचो.

त्यांनी मान वळवली. मृणालच्या टाचा मातीला पक्क्या टेकल्या होत्या, गुडघे छातीशी, पाठ सैल, अगदी आई तरुणपणी बसायची तशी. चेहरा बापाचा घेतला असं सगळे म्हणतात. हाडं कुणाची घेतली, हे कोण सांगणार? ही भीती आपली एकट्याची, असं समजून इतके दिवस ते तिला जपत आले होते, आणि ती भीती तर इथं, लेकीच्या रूपानं, शेजारी येऊन बसली होती, काही माहीत नसल्यासारखी.

उठ, अशी बसत जाऊ नकोस, गुडघे जप, असं तिला म्हणावंसं त्यांना फार वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, ही उठली तर या झाडाखाली आपण एकटे उरू.

"थोडं बस," ते म्हणाले.