दिव्याची कळ

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माझ्यावर चहा सांडणाऱ्या जातीशी माझी मैत्री नाही.

माझ्या कळांवर अक्षरांशेजारी बाण, चौकोन, गोल अशी चिन्हं आहेत. एका जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेची ती लिपी. तिच्यात आकड्यांचं अख्खं कोष्टक एका चिन्हानं उलटंपालटं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मला तिथं नोकरी करणाऱ्या वहिनींनी आणलं; सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कोणत्या दिवशी कोणत्या विभागाचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे ठरवणारा त्यांचा प्रोग्रॅम चार ओळींचा होता. लोक कौतुकानं बघायला येत. कोणाला काही कळत नसे, म्हणून कौतुक जास्तच.

माझी एक कळ दिव्याच्या चिन्हाची आहे. त्या चिन्हापुढचा मजकूर यंत्र वाचत नाही. तो माणसांसाठी असतो, अमुक ओळ का लिहिली ते सांगायला. वहिनींनी ती कधी दाबली नाही. "समजणाऱ्याला समजतं," म्हणायच्या.

मग त्यांची धाकटी नणंद तिथेच नोकरीला लागली. ती याच भाषेची नवी बोली शिकून आलेली. दोन्ही बोली ओळ उजवीकडून सोडवतात, एकमत तेवढंच. नव्या बोलीत खास चिन्हं नाहीत, साधी टिंबं पुरतात.

"वहिनी, तुमचं लिहिणं म्हणजे मुंग्यांची वरात."

"आणि तुझं? माश्या बसून गेल्यासारखं."

साहेबांनी प्रोग्रॅम नव्या बोलीत उतरवायला सांगितला. मी खिडकीच्या फटीत गेलो, तावदान आपटू नये म्हणून.

जुन्या बोलीत मोजणी शून्यापासून की एकापासून, हे आपण ठरवायचं असतं. वहिनींच्या पहिल्या ओळीत 'एकापासून' एवढंच ठरवलेलं होतं. नवी बोली विचारतच नाही. तिथं मोजणी शून्यापासून. नणंदेला ती ओळ बिनकामाची वाटली. तिनं गाळली. वहिनींना विचारण्यात नाक कापलं गेलं असतं.

सोमवारी पाळी चौथ्या विभागाची होती. शून्यापासून मोजलं की चार हा आकडा पाचव्या जागेवर पडतो, म्हणून पाणी पाचव्याला गेलं. चौथ्यात प्रसूतीचं रुग्णालय होतं. तिथल्या परिचारिकेचा फोन आला. "दोघी बाळंतपणाला आत घेतल्यात. हात धुवायला पाणी नाही हो."

इकडे सुनावणी सुरू.

"पहिल्या पायरीला शून्य म्हणतं का कोणी?"

"तळमजल्याला म्हणतात. लिफ्टमध्ये बघा."

"तुझ्या भावालाही मोजता येत नाही. घराण्यातच आहे."

"दादाला मोजता आलं असतं, तर तुमचं लग्न जमलं नसतं."

साहेब दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी व्हॉल्व्हवाल्या काकांनी चावी उचलली, सायकल काढली आणि चौथ्याचा व्हॉल्व्ह हातानं फिरवला. काकांना एकही बोली येत नाही. तासाभरानं परिचारिकेनं कळवलं, दोन्ही बाळं सुखरूप, पिण्याच्या बाटल्यांवर निभावलं.

नणंदेनं प्रत्येक विभागाच्या आकड्यातून एक वजा केला. का वजा केला, ते लिहिलं नाही.

"लिहून ठेवू का?" तिनं विचारलं.

"कशाला? समजणाऱ्याला समजतं," वहिनी म्हणाल्या. नणंदेनं मान डोलावली. दोघींचं पहिल्यांदाच पटलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला त्याची हौस नाही. फक्त मागून येणाऱ्यासाठी एक ओळ लिहीत जा. उद्या कोणी हुशार येईल आणि तो वजा एक बिनकामाचा म्हणून गाळेल. काका तेव्हा निवृत्त झालेले असतील.

माझ्या बाकी सगळ्या कळा झिजल्या आहेत. दिव्याची तेवढी कोरी आहे.